सीनेच्या गाळातलं लुगडं

नव्या लुगड्याच्या खळीचा वास आला की सीना नदीचा उतार डोळ्यांसमोर येतो. पलीकडे इंग्रजांचा मुलूख, अलीकडे आमचं निजामाचं राज्य. नव्या कापडावर नाक्यावर जकात होती, नेसलेल्यावर नव्हती. आक्काच्या लग्नाचं लाल लुगडं नगरहून आणताना आईने ते नदीच्या गाळात टाकून पायांनी तुडवलं. पाणी लाल झालं. मी किंचाळले, "आगं आई, हे काय करतीस?"

"गप! नवं दिसलं तर शिपाई ठिवून घेतील. मग आक्का काय नेसंल?"

घरी आक्काने ते डागाळलेलं लुगडं उलगडलं आणि एवढंच विचारलं, "नाक्यावर आईला कुनी धरलं न्हाई ना?"

तेव्हा मी आईमुळे हादरले होते. आज हादरते ते वेगळ्याच गोष्टीने. आक्का तेव्हा अकरा वर्षांची होती.