चढाईपटू जावई

पोलादपूरच्या एसटी स्टँडासमोर मुरारी उतेकराचं शिवणकामाचं दुकान होतं. दुकान म्हणजे दोन मशिनी, एक इस्त्री आणि दाराबाहेर एक लाकडी बाक. मशिनींवर कपडे शिवले जात आणि बाकावर कबड्डीचे संघ. कपडे सांगितल्या दिवशी तयार झाले असं सहसा घडलं नाही. संघ मात्र रोज संध्याकाळी तयार असे आणि सकाळपर्यंत उसवलेला असे.

मुरारी स्वतः जन्मात एकदाच मैदानात उतरला होता. ऐन तारुण्यात. राखीव म्हणून चुन्याच्या रेषेबाहेर बसला होता, कुणाचा तरी पाय मुरगळला आणि याला आत ढकललं. हा मध्यरेषा ओलांडून वाघासारखा गेला, पण ‘कबड्डी कबड्डी’ म्हणायचंच विसरला. पंचांनी शिट्टी वाजवून बाहेर काढलं. त्या दिवशी जे बोलायचं राहिलं ते पुढची तीस वर्षं तो बोलत होता. कोण कुठल्या पायाने निसटतो, कोणाची पकड कुठे ढिली आहे, कोणाला घ्यावं, कोणाला द्यावं, यावर मुरारीचा शब्द शेवटचा. निदान मुरारीच्या मते.

त्याचा कोंड, म्हणजे डोंगरातली वाडी, पळसकोंड, आंबेनळीच्या रस्त्याला वर. कोंडाचा संघ काळभैरव क्रीडा मंडळ. शिमग्याच्या स्पर्धेत सात गावांचे संघ उतरत आणि चषक तळेकोंड घेऊन जाई. पळसकोंडाकडे पकडी करणारे होते, चढाईला माणूस नव्हता.

बाहेरून माणूस आणायचा तर नियम आडवा यायचा. पूर्वी गावांनी एकमेकांचे खेळाडू पळवण्यासाठी इतकी उधळमाधळ केली होती की एका गावानं देवळाची घंटासुद्धा विकायला काढली. मग सातही गावच्या पंचांनी बसून ठरवलं: एका संघात पाव्हणा खेळाडू एकच. त्याला एसटीचं भाडं, मुक्कामाला जेवण आणि एक डझन अंडी. त्याच्यावर एक अंडं जास्त दिलेलं सापडलं तर संघ बाद. लोक त्यातूनही वाटा काढत. तळेकोंडानं एका पाव्हण्याला ‘वाटेत सापडला’ म्हणून बोकड दिला होता, आणि तो बोकड वाटेत सापडल्याचे चार साक्षीदारही उभे केले होते.

अठ्ठ्याण्णव सालच्या थंडीत बाकावर एकच विषय होता, वरंध गावचा चढाईपटू विनोद.

“वरंधवाले त्याला सोडतील,” मिनिडोर रिक्षा चालवणारा चंदू म्हणाला. मिनिडोर घाटात जितकं तापे, त्याहून चंदू बाकावर तापे. “पण बदल्यात त्यांना चांगू पायजे.”

चांगू, म्हणजे पळसकोंडाचा डावा कोपरा सांभाळणारा पकडवाला, तिथेच बाकाच्या टोकाला चहा पीत बसला होता. “मला द्यायचं का नाय, ते मला तरी इचारा रे!”

“तू गप. तुझं मत घेतलं तर तू जाशील का?” हैबती म्हणाला. हैबती वरच्या धनगरवाडीतून दूध घेऊन उतरायचा आणि दूध संपलं की बाकावर चढायचा. “चांगू दिला तर डावीकडनं वारा जाईल सरळ. आपला राखीव द्या आणि वर एक पकडवाला द्या.”

“दोन दिऊन एक? डोकं हाय काय?” चांगू उसळला.

“बदली नको नि काय नको,” चंदू म्हणाला. “पाव्हणा म्हणूनच आणू. एक जागा हायच की आपली.”

“आणि अंडी?” हैबतीनं बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. “तो पोरगा न्याहारीलाच डझन खातो. दुपारपासनं काय चुना चाटंल?”

सगळे मुरारीकडे बघू लागले. मुरारीनं दातातला दोरा तोडला, मान वर केली आणि एखाद्या वकिलासारखा म्हणाला, “जावयाच्या ताटातली अंडी कोण मोजतं का रे?”

बाक हसला. हसता हसता थांबला. कारण घरजावई म्हणजे पाव्हणा नव्हे, गाववाला. पाव्हण्याची जागाही मोकळी राहते, अंडीही मोकळी. नियमात इतकं मोठं भोक होतं आणि सात गावांत ते कुणाला दिसलं नव्हतं. मुरारीला आपल्याच हुशारीचा अचंबा वाटला. मग त्याच्या लक्षात आलं की सगळे त्याच्या पाठीमागे बघतायत. दुसऱ्या मशीनवर त्याची मुलगी सुरेखा ब्लाऊजला बाही जोडत होती. कोंडात लग्नाची मुलगी त्या वर्षी ती एकटीच.

गंमत म्हणून बोललेली गोष्ट मुरारीला मागे घेता आली असती. पण इतकी चांगली चाल मागे घेणं त्याच्या जिवावर आलं.

घरी त्याच्या बायकोनं, ठमाबाईनं, भाकरी तव्यावर तशीच ठेवली. “अवो, पोरीला नवरा बघताय की संघाला माणूस?”

“दोन्ही कामं येका खर्चात.”

“त्याला येतं काय खेळाबिगर?”

“पंचवीस वर्षांचा पोरगा हाय. शिकेल.”

सुरेखानं विनोदला एकदा खेळताना बघितलं होतं. उंच, लाजरा, मैदानाबाहेर आला की हातांचं काय करावं ते न कळणारा. तिनं बराच विचार केला. ती बापाहून चांगलं शिवायची, आणि पोलादपुरातल्या बायका हल्ली ‘सुरेखा आहे का?’ असं विचारूनच पायरी चढायच्या. दुसरीकडे लग्न झालं असतं तर हे सगळं सुटलं असतं.

“मला मशीन सोडून जायला लागणार नाय ना? मग चालंल,” ती म्हणाली. मग तिनं विचारलं, “पण आबा, त्याचा खेळ सुटला तर काय?”

मुरारीकडे कबड्डीतल्या कुठल्याही प्रश्नाला उत्तर असे. या प्रश्नाला त्यानं “अशुभ बोलू नको गो” एवढंच उत्तर दिलं.

लग्न माघात झालं, दोन स्पर्धांच्या मधल्या सुट्टीत. वरंधवाल्यांनी मांडवात येऊन तक्रार केली की ही बदली आहे आणि बदल्यात त्यांना काहीच मिळालेलं नाही. त्यांना जिलबी वाढण्यात आली. तळेकोंडानं पंचांकडे दाद मागितली. पंचांनी रेशनकार्ड पाहिलं, विनोदचं नाव पाहिलं आणि लग्नाला हरकत घ्यायचा नियम आपल्याकडे नसल्याचं सांगितलं.

त्या शिमग्याला चषक पळसकोंडात आला. विनोद चढाईला निघाला की समोरचे पाऊल पाऊल मागे सरत. मुरारीनं त्याची जर्सी स्वतः शिवली होती, पाठीवरच्या आकड्याला दुहेरी टाके घालून. मैदानाभोवती तो “जावई आपला! जावई आपला!” असं ओरडत इतका धावला की दुसऱ्या दिवशी त्याच्याच पायांना तेल लावावं लागलं.

घरात विनोद कुणाला जड झाला नाही. पहाटे उठून पाणी भरी, सासऱ्याला मामा म्हणे, वाढलेलं मुकाट जेवी. संध्याकाळी सरावाहून आला की सुरेखाच्या मशीनजवळ पायरीवर बसे. ती कामात, हा गप्प. पण उठायचा नाही. सुरेखा एकदा आईला म्हणाली, “माणूस बरा हाय गो. आबांनी चुकून बरा आणला.”

पुढच्या वर्षी उपांत्य सामन्यात विनोद खोलवर शिरला. परत फिरताना कोपऱ्यातल्यानं घोटा धरला, मधल्यानं कंबर, आणि बाकीचे वर पडले. खेळात असं रोज होतं. ढिगारा उठला तेव्हा विनोद उठला नाही. गुडघा भलतीकडे वळला होता.

महाडच्या डॉक्टरांनी दोन महिने प्लास्टर ठेवलं आणि काढताना सांगितलं, “चाला, फिरा. उडी मात्र या जन्मात नाही.”

मग विनोद दुकानात बसू लागला. मुरारीनं त्याला शिवण शिकवायचं ठरवलं, पण मशीनला पायानं दाबायचा पायटा असतो आणि पायट्याला गुडघा लागतो. तेव्हा त्याच्याकडे काजं-बटणं आली. ज्या पंजाच्या स्पर्शाला समोरचे घाबरत, त्या पंजात सुई सापडायची नाही. तो खाली वाकून दोरा ओवत राही. दुकानात येणारा माणूस आधी त्याच्या गुडघ्याकडे बघे, मग इकडचं तिकडचं बोले. पहिले काही महिने बाकावर त्याच्यासमोर कबड्डी निघत नसे. लोक पावसाबद्दल बोलत. पण पावसाबद्दल माणूस किती बोलणार? दिवाळी सरली आणि बाक मूळ पदावर आला.

“नियमाप्रमाणं विनोद आपला गाववाला हाय,” चंदूनं त्या संध्याकाळी सुरुवात केली, “पण गाववाला खेळत नसंल तर त्याचा उपेग काय?”

“हळू बोल रे,” चांगू म्हणाला.

“वाईट काय बोलतोय? तळेकोंडाला शिकवणारा पायजे हाय. विनोद चढाई शिकवायला तिकडं जाऊ दे. बदल्यात त्यांचा तो राखीव चढाईवाला मागू.”

“आणि हा ऱ्हाईल कुठं?” चांगूनं विचारलं.

“तिकडंच. सुरेखाताय जाईल संगती. नायतर इकडं ऱ्हाईल. तिची मरजी.”

सुरेखाची मशीन थांबली. विनोद खाली मान घालून एकाच भोकातून पुन्हा पुन्हा सुई काढत होता. आता मुरारीनं बोलायचं होतं. ते सगळ्यांना कळत होतं, मुरारीलाही कळत होतं. घरातल्या माणसाची अशी वाटणी मांडली तर साध्यातला साधा माणूसही चप्पल उचलतो. मुरारीनं तोंड उघडलं, आणि तीस वर्षांच्या सवयीनं त्याच्या तोंडून आलं ते हे:

“तो राखीव उजवीकडनं कच्चा हाय.”

बाकावर कुणी हसलं नाही. हैबतीनं दुधाची रिकामी किटली उचलली आणि उगाच निघाला. मुरारीला शब्द परत गिळायचे होते. विनोदनं बटण पूर्ण केलं, दोरा तोडला, शर्टाची घडी घातली आणि लंगडत आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरेखानं सांगितलं, “आमी मुंबईला जातोय. भांडुपला मावशी हाय. ह्यांना इमारतीवर वॉचमनचं, बसून करायचं काम मिळतंय, मी शिवणाचं बघीन.”

मुरारी म्हणाला, “पोरी, ते मी तसं बोललो नव्हतो.”

“कसं बोलला होतात?”

मुरारीनं गळ्यातली टेप काढून बोटाला गुंडाळली.

“आबा, इथं ह्यांच्याकडं बघितलं की माणसाला गुडघाच दिसतो. तुमालाबी. तिकडं कुणाला काय म्हाईतच नाय.”

“मग मशीन तरी ने. तुझीच हाय ती.”

“दुकान तुमचं हाय,” ती म्हणाली. “मशीनबी तुमचीच.”

एसटी समोरूनच सुटायची. मुरारी दुकानातून उठून स्टँडावर गेला, खिडकीशी उभा राहिला. विनोद म्हणाला, “येतो मामा.” सुरेखा आईचा हात धरून बोलत होती. शेवटी तिनं बापाकडे बघितलं तेव्हा गाडी चालू झाली होती, आणि मुरारीनं आयुष्यात दुसऱ्यांदा ऐन वेळी काही म्हटलं नाही.

त्यानंतर पायरी चढणाऱ्या बायका ‘सुरेखा आहे का?’ विचारत आणि पायरी उतरत. दुसऱ्या मशीनवर कापडाचे तुकडे साठले. ठमाबाई नवऱ्याशी जेवणाच्या वेळेपुरतं बोले. मुंबईहून सुरेखाचा फोन शेजारच्या बूथवर यायचा, तो ठमाबाईच्या नावानं यायचा. मुरारी बूथच्या दारात उभा राहून बायकोच्या बाजूचं बोलणं ऐके: “हो… हो… जेवतात… हो, बरे हायेत.” शेवटच्या वाक्यातला ‘बरे’ आपण की विनोद, ते त्यानं कधी विचारलं नाही.

बाक त्यानं उचलून आत ठेवायचा असं अनेकदा ठरवलं. ठेवला नाही. माणसं येत, संघ जुळवत, तो मान खाली घालून शिवत राही. कुणी विचारलं तर म्हणे, “मला नाय कळत.” हे त्याच्या तोंडी इतकं खोटं वाटायचं की लोक विषय बदलत.

शिमगा आला. मुरारी सामन्याला जाणार नव्हता. दुपारी त्यानं दुकान बंद केलं, घरी निघाला आणि मैदानावर पोचला. चुना घातलेल्या रेषा, फेट्याच्या कापडाचं तोरण, कर्ण्यातला तोच खरखरता आवाज. शिवथरकडचा एक नवा पोरगा समोरच्या संघातून चढाईला आला. असा की अंगाला हवा लागावी तसा स्पर्श करून गेला, आणि परतताना मागे वळूनही बघितलं नाही. सगळं मैदान उभं राहिलं. मुरारीही उभा होता, हात वर करून ओरडत होता. स्वतःचा आवाज कानावर आला तसा तो खाली बसला.

चांगू त्याच्या शेजारी होता. यंदा त्याला संघानं बसवलं होतं, वय झालं म्हणून. मागून हैबती वाकला, तंबाखूचा वास आला. “काय पोरगा हाय! याचं लगीन झालंय का, इचारा की रे कुणीतरी.”

आजूबाजूचे हसले. चंदू म्हणाला, “चांगूची पोर आता दहावीला गेली, नाय का?”

पुन्हा हशा. चांगूही हसला. पण त्याचं हसू जरा उशिरा आलं, आणि हसताना तो मैदानाकडे बघत होता, त्या पोराच्या पायांकडे. ते बघणं मुरारीला ओळखीचं होतं. माणूस आपल्याच मनात चाल मांडत असतो, आणि चाल चांगली असते.

“चांगू, ऊठ,” मुरारी म्हणाला.

“कुठं?”

“घरी चल.”

“अरे, आता तर सामना रंगात आलाय!”

मुरारीनं त्याचं मनगट धरलं. आयुष्यात कधी पकड न केलेल्या माणसाच्या मानानं ती बरीच घट्ट होती. चांगू शिव्या देत उठला. दोघे गर्दीतून वाट काढत, लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर पडले. मागे आरडाओरडा झाला, कुणीतरी बाद झालं होतं. चांगूनं मान वळवली. मुरारीनं हात सोडला नाही. उतारावरून चालता चालता तो चांगूला सांगू लागला, विनोदच्या गुडघ्याचं, सुईचं, आणि त्या संध्याकाळी आपण काय बोललो ते. चांगू तेव्हा बाकावरच होता, त्याला सगळं ठाऊक होतं. तरी त्यानं ऐकून घेतलं.

सामना कोण जिंकलं ते मुरारीनं त्या रात्री कुणालाही विचारलं नाही. सकाळी मात्र विचारलं.