मशीनची परीक्षा

हे लिहावं की नाही याची मला अजून खात्री नाही, म्हणून सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरी मराठी बोलतात, लिहीत कुणी नाही. माझी शाळा कन्नड, कॉलेज इंग्रजी. चामराजपेटेतल्या आमच्या घरात मराठीत छापलेलं काही सापडलंच तर ती एखादी लग्नपत्रिका असते. आणि विज्ञानावर बोलायचा माझा अधिकारही नाही. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि एका संशोधन प्रकल्पात हाताखालची कामं करतो. घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नाही. त्यामुळे कुठे बोलावं आणि कुठे गप्प बसावं, हे विचारायला कुणी नाही. प्रकल्पाच्या अहवालात या सगळ्याबद्दल एवढंच लिहिलंय की एका कारखान्यातल्या नोंदी भरवशाच्या न वाटल्यामुळे पुन्हा घेतल्या. ते खरंच आहे. पण मला तेवढं पुरेना.

यंत्रांच्या आवाजात वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांचे कान हळूहळू जातात. नीट तपासायचं तर आवाजबंद खोली लागते, आणि ती मोठ्या इस्पितळातच असते. तीच तपासणी मोबाइल आणि एक चांगला हेडफोन घेऊन कारखान्यातच करता येईल का, हे आम्ही बघत होतो. हेडफोनमधून नेमका किती आवाज निघतो ते भौतिकशास्त्राच्या लोकांनी मोजून दिलं, मोबाइलवरचं काम आमच्याकडे होतं आणि आकडेवारी एक ताई सांभाळायची. ती पुण्याची, एचएसआर लेआउटमध्ये राहते. तिच्याशी बोलताना मी फार जपून बोलतो, कारण मी 'थोडं'ऐवजी कन्नड शब्द घालून "स्वल्प थांबा" म्हटलं की ती हसते.

तपासणी सोपी होती. डोळे मिटायचे. कानात बारीक 'टूं' असा आवाज आला की बटण दाबायचं. आवाज कमी कमी होत जातो. मधे मधे आम्ही मुद्दाम शांतता ठेवायचो, त्यात काहीच वाजत नाही. त्या शांततेतही कुणी बटण दाबत राहिला, तर तो ऐकून दाबत नाही, अंदाजाने दाबतो आहे, असं समजायचं. अशा माणसाची नोंद हिशेबात धरायची नाही, हा नियम आधीच ठरलेला होता.

लोक घाबरू नयेत म्हणून सुरुवातीला एक वाक्य सांगायचं होतं. ते मी तयार केलं, कन्नडमध्ये आणि मराठीत: "घाबरू नका, ही तुमची परीक्षा नाही, आमच्या मशीनची परीक्षा आहे." प्रकल्प बघणाऱ्या सरांना ते फार आवडलं. माझं काहीतरी सरांना आवडण्याची ती पहिलीच वेळ.

अप्पा, म्हणजे माझे वडील, यशवंतपूरला स्टीलची ताटं-वाट्या बनवणाऱ्या एका शेडमध्ये प्रेसवर काम करतात. वरून ठोका बसतो आणि पत्र्याची वाटी होते. दिवसभर तेच. आम्हाला असाच कारखाना हवा होता, म्हणून मी अप्पांना विचारलं आणि त्यांनी मालकाला. जेवणाच्या सुट्टीत यंत्रं बंद असताना आम्ही मालकाच्या केबिनमध्ये मोबाइल मांडले. मी सगळ्यांना उभं करून ते वाक्य म्हटलं. घरच्या माणसाची तपासणी स्वतः करायची नसते, म्हणून अप्पांना आमच्या गटातल्या दुसऱ्या मुलाने बसवलं. मी समोरच्या खुर्चीवर होतो.

"अण्णा, नीट दाबा हां," त्यांच्या शेजारच्या प्रेसवरचा माणूस दारातून ओरडला. "नाहीतर मुलाची डिग्री जाईल."

"तू आधी तुझे कान धुऊन ये," अप्पा म्हणाले, आणि सगळे हसले. मग अप्पांनी डोळे मिटले आणि दाबायला लागले. छान, न चुकता. मला अभिमानच वाटला होता.

पुढच्या आठवड्यात ताईने मला तिच्या टेबलाजवळ बोलावलं.

"हे बघ. या बाबाला वटवाघळासारखं ऐकू येतंय. आणि गंमत म्हणजे जिथे काहीच वाजलं नाही, तिथेही ऐकू येतंय. कोण रे हा? याच्याशी देव बोलतो की काय?"

स्क्रीनवर नाव नव्हतं. क्रमांक, वय आणि प्रेसवरची वर्षं होती. त्या वयाचा माणूस त्या शेडमध्ये एकच होता.

"माझे अप्पा," मी म्हणालो.

ती हसायची थांबली. "सॉरी रे."

"नाही, असू दे."

"घरी कसं येतं त्यांना ऐकू?"

घरी टीव्ही मोठ्याने लावलेला असतो. पण आमच्या गल्लीत सगळ्यांचाच टीव्ही मोठ्याने असतो. आई ओरडून बोलते, पण ती माझ्याशीही ओरडूनच बोलते. मी रोज लोकांच्या कानांचे आलेख काढत होतो आणि मला हे सांगता येत नव्हतं.

त्या संध्याकाळी अप्पा कॉफीचा लोटा घेऊन बसले होते. मी विचारलं, "अप्पा, त्या दिवशी आवाज नसतानाही बटण का दाबत होतात?"

"काय?"

मी पुढे सरकून पुन्हा विचारलं.

"मग? पास झालं ना?"

"काय पास झालं?"

"तुझं मशीन. तूच म्हणालास की सगळ्यांसमोर, परीक्षा मशीनची आहे. मी नाही दाबलं तर तुझे साहेब लिहिणार, मशीनचा आवाज येत नाही. बापानेच पोराचं मशीन फेल करायचं होय?"

"पण तुम्हाला ऐकू येत होतं का?"

"स्वल्प येत होतं."

"दोन्ही कानांत?"

आतून आईचा आवाज आला. "सांगा की आता. का मी सांगू?"

"तू गप."

"दिवाळीपासून मी ह्यांच्या उजव्या बाजूनेच चालते," आई बाहेर येऊन मला म्हणाली. "डावीकडून बोललं की भिंतीशी बोलल्यासारखं. मार्केटात मागून ऑटो आला, हॉर्न देऊन देऊन तो थकला, हे आपले चालले आहेत मधून. मी ओढलं म्हणून."

"मला का नाही सांगितलंस?"

"हेच नको म्हणाले. तो कानाचंच शिकतोय, त्यात घरचंच दुखणं कशाला, म्हणाले."

अप्पा चिडून उठले. "एक कान कमी झाला तर काय झालं? शेडमध्ये कुणाला येतं नीट ऐकू?"

दुसऱ्या दिवशी मी हे सगळं ताईला सांगितलं. सांगताना मला लाज वाटत होती, आणि नेमकी कशाची ते कळत नव्हतं. तिने त्या शेडच्या सगळ्यांच्या नोंदी उघडल्या. शांततेतली बटणं बऱ्याच जणांची होती. अप्पांइतकी नाहीत, पण होती. मी शेजारच्या प्रेसवाल्याला फोन लावला. तो आधी टाळत होता, मग म्हणाला, "अरे, अण्णांच्या मुलाचं मशीन आहे म्हणून आम्ही पण जरा जास्तच दाबलं. काही त्रास झाला का तुला?"

अख्ख्या शेडने मिळून माझं मशीन पास केलं होतं.

ताईने कपाळाला हात लावला. हसली, आणि मग हसू आवरून म्हणाली, "सगळं परत घ्यावं लागणार. आणि ते वाक्य बदल."

"अप्पांची तपासणी इस्पितळात करून घेतली तर ती नोंद यात घालता येईल का?"

"नाही. नियम आधी लिहिलाय, तुझे अप्पा नंतर आले. त्यांच्यासाठी तो वाकवला तर उद्या कुणासाठीही वाकवू." मग ती माझ्याकडे वळली. "आई काय म्हणाली? डावाच कान?"

"हो. उजवा थोडा कमी असेल, पण डावा..."

"आवाजाने सहसा दोन्ही कान बरोबरच जातात." तिचा सूर बदलला होता. "डेटाचं राहू दे. तू त्यांना आधी कानाच्या डॉक्टरकडे ने. उद्याच ने."

अप्पा यायला तयार नव्हते. शेवटी आई काय बोलली मला माहीत नाही, पण सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते.

इस्पितळातली आवाजबंद खोली म्हणजे काचेची खिडकी असलेली एक जाड पेटीच असते. अप्पा आत बसले, हातात बटण. बाहेर तपासणी करणारी बाई यंत्रासमोर बसली. मी काचेपाशी जाऊन हात हलवून सांगितलं, "अप्पा, आज मशीनची परीक्षा नाही." आतून त्यांना काहीच ऐकू गेलं नसणार. त्यांनी मान हलवली.

थोड्या वेळाने बाई मला म्हणाली, "तुम्ही खिडकीतून बाजूला व्हा. ते तुमच्या तोंडाकडे बघून दाबतायत."

मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. तिथून अप्पा दिसत नव्हते. तिच्या यंत्रावरचे दोन दिवे तेवढे दिसत होते. तिने कानात आवाज सोडला की पहिला लागायचा आणि अप्पांनी बटण दाबलं की दुसरा. आधी उजवा कान झाला. पहिला लागे, मागोमाग दुसरा. आवाज फार बारीक झाल्यावर दुसरा चुकायला लागला. पण ते माझ्या अपेक्षेतलंच होतं.

मग बाईने एक कळ फिरवली. "डावा," ती म्हणाली.

पहिला दिवा लागला. दुसरा नाही. तिने आवाज वाढवला. पहिला लागला. तिने आणखी वाढवला. मी मनातल्या मनात म्हणत होतो, दाबा अप्पा, दाबा. ज्या गोष्टीमुळे आमचं एवढं काम वाया गेलं होतं तीच मी मागत होतो. पहिला दिवा पुन्हा लागला आणि विझला. बाई कागदावर खुणा करत होती. पुष्कळ वाढवल्यावर एकदा दुसरा दिवा लागला.

डॉक्टरांनी आलेख बघितला, कान बघितले, अप्पांना सरळ रेषेत चालायला लावलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "उजवा कान आवाजाने जेवढा जातो तेवढाच गेलाय. डावा त्याहून खूपच खाली आहे. दोन कानांत एवढा फरक असला की कारण शोधावं लागतं. कानाच्या नसेवर गाठ आहे का ते बघू. एमआरआय करून घ्या."

बाहेर बाकावर बसल्यावर अप्पांनी विचारलं, "काय म्हणाल्या?"

मी त्यांच्या उजवीकडे जाऊन बसलो. "फोटो काढायचाय, डोक्याचा. साधा."

"गाठ म्हणाल्या ना?"

मी आलेखाचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

"तेवढं ऐकलं मी," अप्पा म्हणाले. "आईला सांगू नकोस."

पण आईला सांगावं लागलंच. स्कॅनच्या त्या बोगद्यात जाताना त्यांची अंगठी, करदोटा, गळ्यातला ताईत सगळं काढून तिच्याच हातात दिलं गेलं, आणि ती विचारल्याशिवाय राहणार नव्हती. यंत्र बाहेरही ठाण ठाण ऐकू येत होतं. बाहेर आल्यावर अप्पा म्हणाले, "आमच्या प्रेसपेक्षा बरं आहे. झोप लागली." आईला हसू आलं नाही.

रिपोर्टला वेळ होता. मी लॅबमध्ये जात होतो, पण काम होत नव्हतं. एकदा न राहवून मी ताईला विचारलं, "अशा केसमध्ये गाठ निघायची शक्यता किती?"

"कमी. फार कमी."

"म्हणजे किती?"

तिने पेन खाली ठेवलं. "आकडा शोधून देईन मी तुला. पण तो हजारो लोकांचा असणार. तुझ्या अप्पांना गाठ असेल नाहीतर नसेल. तो आकडा घेऊन तू घरी काय करणार आहेस?"

मला राग आला. लोकांच्या सह्या घ्यायच्या संमतीपत्रात आम्हीच लिहिलं होतं की तपासणीत धोका अत्यल्प आहे, आणि तो शब्द मीच मराठीत घातला होता. तेव्हा तो मला पुरेसा वाटला होता. आता घरी मी अप्पांच्या चालण्याकडे बघत असायचो. जिना उतरताना तोल जातो का, चेहरा एका बाजूला ओढला जातो का. अप्पांच्या ते लक्षात आलं. "सरी, बरं, आता मी चालू का थांबू?" ते पायरीवर उभे राहून म्हणाले. "परीक्षा घेतोस काय?"

रिपोर्ट मिळायच्या दिवशी मी यशवंतपूरच्या शेडमध्ये होतो. नोंदी परत घ्यायच्या होत्या आणि ती तारीख मालकाने दिलेली होती, बदलता येत नव्हती. अप्पा रजा टाकून आईबरोबर इस्पितळात गेले होते. मी नवीन वाक्य सांगितलं, की ऐकू आलं तरच दाबा, आलं नाही तर शांत बसा, त्यात कुणाचंच नुकसान नाही. यावेळी कुणी थट्टा केली नाही. अप्पांची प्रेस बंद होती आणि का बंद आहे ते सगळ्यांना माहीत होतं. शेजारचा माणूस हेडफोन घालताना हळूच म्हणाला, "फोन आला की आधी मला सांग."

सुट्टी संपली, यंत्रं सुरू झाली आणि आम्ही सामान आवरत असताना माझ्या खिशातला मोबाइल थरथरला. आईचा नंबर. ठोक्यांमध्ये काही ऐकू येईना. मी पळत रस्त्यावर आलो. तिथे लॉऱ्या. मी एक कान बोटाने दाबून धरला. पलीकडे आई रडत होती.

"आई, काय झालं? काय म्हणाले?"

नुसतं रडणं. मग काहीतरी खरखरलं, आणि अप्पांचा आवाज आला. ते फोनवर फारसे बोलत नाहीत, त्यामुळे ओरडत होते.

"ही कशाला रडते मला कळत नाही! डॉक्टर म्हणाल्या, डावा कान परत यायचा नाही. तो गेला. उजवा सांभाळा म्हणाल्या, प्रेसवर परत जाऊ नका म्हणाल्या. ते आपण बघू नंतर."

"अप्पा, गाठ?"

"काय?"

"गाठ! गाठ आहे का?"

"गाठ नाही," अप्पा म्हणाले. "तेच सांगतोय कधीपासून. गाठ नाही."