धरणगावचा उलटा फॉक्सट्रॉट

अक्कांनी काठी आडवी धरली आणि फॉक्सट्रॉट थांबला. स्पीकर चालूच होता, पण धरणगावच्या त्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये अक्कांच्या काठीपुढे स्पीकरचं कोण ऐकतो?

"मास्तर, हाई काय शे?" अक्का म्हणाल्या. "बठ्ठा उलटा फिरी राहिनात." बठ्ठा म्हणजे सगळे; अक्का अहिराणीच बोलतात.

मी जळगावात डान्स क्लास चालवतो. लग्नातलं संगीत, शाळांची गॅदरिंगं, नवरात्रात गरबा. मी तयार केलेला नवरदेव वरातीत नाचायला लागला की खालची घोडीही ठेका धरते. एक घोडी तर वरात अर्ध्यात सोडून क्लासला नाव घालायला आली होती. जिना चढता येईना म्हणून परत गेली.

हे काम आलं नेहाकडून. नेहा पुण्यात नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी शंभर वर्षांपूर्वीचे डान्स शिकते. वॉल्ट्झ, वन-स्टेप, फॉक्सट्रॉट. साहेब आणि मडमा क्लबात जोडीनं नाचायचे, ते. तिला स्वतःच्या संगीतात काका-काकू, मामा-मामी अशा सगळ्यांचा फॉक्सट्रॉट हवा होता.

"सर, तुम्हाला येतो ना?" तिनं फोनवर विचारलं.

"त्यातच तर लहानाचा मोठा झालो," मी म्हणालो. आमच्या धंद्यात आधी हो म्हणायचं आणि मग शिकायचं. फोन ठेवला आणि भुसावळ गाठलं. तिथे डिसोझा अंकल राहतात, रेल्वेतून रिटायर झालेले इंजिन ड्रायव्हर. त्यांच्या घरात हे डान्स वडिलांपासून चालत आलेले. अंकलनी मला बायकोच्या जागी उभं केलं आणि असं नाचवलं की आठवड्याभरात माझ्या गुडघ्यांतून वाफ निघायला लागली.

"बाकीचे कसेही नाचू देत सर," नेहा नंतर म्हणाली होती. "आई-पप्पा एकत्र नाचले पाहिजेत. आईला फार वाटतं. ती बोलणार नाही, पण मला माहितीये."

नेहाचे वडील म्हणजे नाना, जिनिंगचे मालक. आई म्हणजे नानी. दोघं बाजारात निघाले की नाना पुढे आणि नानी मागे, आणि मधल्या जागेत कापसानं भरलेला ट्रक आरामात वळावा. तीस वर्षांच्या संसारात नानांनी चारचौघांत बायकोचा हात धरला असेल तर तो फक्त सप्तपदीला, तोही भटजींनी सांगितलं म्हणून.

फॉक्सट्रॉट तसा सोपा. स्लो, स्लो, क्विक, क्विक. दोन पावलं सावकाश, दोन झटपट. पुरुषाच्या डाव्या हातात बाईचा उजवा हात. सगळी जोडपी हॉलभर एकाच दिशेनं फिरतात, हॉलचा मध्य डाव्या हाताला ठेवून. याला लाइन ऑफ डान्स म्हणतात. वन-वे ट्रॅफिकच समजा. मध्य कळावा म्हणून मी शेडच्या मधोमध दाबून बांधलेल्या कापसाची एक चौकोनी गाठ ठेवली होती. सीझन संपलेला, फरशीवर कापसाची बारीक लव, पाय असे घसरत होते की साहेबाच्या क्लबानं हेवा करावा.

आणि नानांनी नानींचा हात नुकता धरला होता, तेवढ्यात ती काठी आडवी आली.

"देव उजवा हातले ठेवतस, मास्तर," अक्का म्हणाल्या. अक्का म्हणजे नानांच्या थोरल्या बहीण, घरातला शेवटचा शब्द. "डावा हातले ठेईसन फिरतस ते सरणना भोवती. लगीनघरमा हाई नको."

नानांनी हात सोडला. जरा जास्तच चटकन सोडला.

"अक्का नको म्हणते म्हणजे झालं, सर. दुसरं काहीतरी बसवा."

नानींनी रिकामा हात पदराला पुसला. मी तेवढं पाहिलं आणि ठरवलं, दुसरं बसवायचं नाही.

"थांबा, आपण दिशाच बदलू," मी म्हणालो. वन-वेची पाटी फिरवायची, त्यात काय मोठं?

मोठं होतं. दिशा फिरली तसे जोडप्यांचे एकमेकांत धरलेले हात बाहेरच्या बाजूला आले. मामांच्या कोपरानं चहाचा ट्रे गेला. काका भिंतीला घासत निघाले आणि पाठीवर अख्ख्या शेडचा चुना घेऊन आले. वळायचं तिथे सगळे एकमेकांत घुसले. शेवटी सगळी गर्दी एका खांबापाशी अडकली. ती सोडवायला जळगावहून क्रेन मागवावी लागेल असं वाटलं.

"पाहा सर," नाना म्हणाले. त्यांचा आवाज खुशीतला होता. "नाचच आपला नाही."

तेव्हा नानी बोलल्या. मला नाही, नानांनाही नाही.

"अक्का, नवरातमा आपण गरबा खेयतस. तवय देवी कोनता हातले ऱ्हास?"

अक्का हसल्या. हे काय विचारणं? गावातल्या गरब्यात पहिला फेरा अक्कांचा, त्यांच्या पुढे जायची कुणाची छाती नाही. त्यांनी काठी माझ्या हातात दिली, डोळे मिटले, टाळी वाजवली आणि गाठीभोवती गरब्याची चाल धरली. अर्ध्या फेऱ्यात थांबल्या. डोळे उघडून गाठीकडे पाहिलं. गाठ डाव्या हाताला होती.

मीही पाहिलं. एवढी वर्षं गरबा शिकवतो, अर्ध्या जळगावला फिरवलंय, पण माझ्या लक्षात आलं नव्हतं.

अक्कांनी माझ्या हातातली काठी परत घेतली. मग म्हणाल्या, "ते देवीसाठे शे."

"मंग देवी मांडूत," नानी म्हणाल्या.

ऑफिसातली देवीची तसबीर आली, गाठीवर चढली, हार पडला, आणि जोडपी पुन्हा मूळ दिशेनं फिरायला लागली. देवी आली म्हटल्यावर चपला-बूट बाहेर. नेहानं पप्पांसाठी पुण्याहून आणलेले चकचकीत बूट संगीताच्या रात्री शेडच्या दाराबाहेर राखण करत बसले. शंभर वर्षांत पहिल्यांदाच फॉक्सट्रॉट अनवाणी नाचला गेला असावा. डिसोझा अंकलना फोनवर सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "फ्लोअर साफ था ना?"

संगीतात नाना ओठातल्या ओठात "हळू, हळू, बिगी, बिगी" करत फिरले. जमिनीकडे बघत, घामाघूम. नानी मात्र समोर बघत होत्या, आणि पाऊल एकदाही चुकलं नाही. शेडमधली प्रॅक्टिस संपल्यावरही स्वयंपाकघरात त्यांची प्रॅक्टिस चालू असायची, हे मला नेहानं नंतर सांगितलं.

म्युझिक संपलं. बाकीची जोडपी जेवणाकडे धावली. नाना तिथेच उभे, हात धरलेला.

"नाना, गानं सरनं," अक्का म्हणाल्या.

"माहीत शे," नाना म्हणाले. हात सोडला नाही.

तेव्हापासून कुठल्याही डान्सचं काम आलं की मी आधी घरातल्या सगळ्यात थोरल्या बाईंना भेटतो आणि मधोमध काय ठेवायचं ते विचारून घेतो. स्टेप्स नंतर बसवता येतात.