आयेच्या पाटीतले बी.एस्सी.चे मासे

आमच्या एका खोलीत नळ एक दिवसाआड यायचा, तोही हंडा आणि दोन कळशा भरेपर्यंत. बाबा गेल्यावर आये जेटीवरून मासळी उचलायची आणि पाटी डोक्यावर घेऊन रत्नागिरीच्या गल्ल्या फिरायची. आम्ही तिघं भावंडं त्यावर वाढलो. ती आये पाच आठवड्यांपूर्वी गेली. रडून झालं... आता आठवतं ते हसवणारंच जास्त.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी काचेची टाकी आणि बारा गप्पी मासे घरी आणले. आये कमरेवर हात ठेवून उभी. "मासे पाळतात काय गो? आनि त्यांना पानी कुठलं, माज्या हंड्यातलं?" पाण्याचा तोच प्रश्न तर माझा प्रकल्प होता. पंप नाही, पाणी बदलायचं नाही. नुसत्या पाणवनस्पतींवर तीन महिने मासे जगवून दाखवायचे. माशांची घाण पाण्यात विरते, ती वनस्पती खत म्हणून शोषून घेतात. हे साधलं नाही तर पदवी अडणार होती.

दुसऱ्या आठवड्यात मी कॉलेजातून आले तर टाकी लखलखत होती. आयेने मासे पातेल्यात काढून खडे आणि पानं पाटी घासतात तशी काथ्याने घासली होती. खड्यांवरच्या बुळबुळीतले, घाण पचवणारे उपयोगी जिवाणू त्यात गेले, निम्मी पानंही तुटली. चार दिवसांत पाणी दुधाळ झालं, पाच गप्पी उताणे. मी नको ते बोलले. मग आये म्हणाली, "पाटी बुळबुळली तर गिऱ्हाईक नाक मुरडतं. तुज्या माशांना बुळबुळच हवी, मला काय ठावं?"

दुसऱ्या दिवशी ती विकायला गेली ती रिकाम्या पाटीत मनीप्लांटच्या फांद्या घेऊनच परतली, एका गिऱ्हाइकाच्या दारातल्या. "वकिलीणबाईंकडं हे बाटलीत नुसत्या पान्यावर फोफावतं. मग तुज्या माशांच्या घानीत किती वाढंल?" मुळं पाण्यात, पानं बाहेर... हे आमच्या वर्गात कुणालाच सुचलं नव्हतं. हंड्यातल्या पाण्याने टाकी एकदाच पुन्हा भरली, तीन महिने पहिल्यापासून मोजले. आठवड्याभरात पाणी निवळलं, महिन्यात मुळांच्या दाढ्या लोंबू लागल्या.

परीक्षेच्या दिवशी मी काचेची रिकामी टाकी उचलली. मासे, पाणी, वेल असं भरलेलं पातेलं आयेने पाटीत ठेवलं, पाटी डोक्यावरच्या चुंबळीवर घेतली आणि नेहमीच्या झपाट्याने निघाली. वाटेत एक काकू दारातून ओरडल्या, "काय आणलंस आज? कशी दिलीस?"

"ही विकायची नायत, काकी. ही बी.एस्सी.ची हायत!"

कॉलेजात टाकी पुन्हा भरून मांडली, परीक्षकांनी तिच्याभोवती फेरी मारली. "फिल्टर कुठंय?" मी उत्तर जुळवत होते, तोवर दारातून आये मुळांकडे बोट दाखवून म्हणाली, "ता काय, लोंबतंय." सर हसले, पण पुढचे सगळे प्रश्न त्या मुळांवरच विचारले. मीही सांगून टाकलं, कल्पना आईची.

तीच वेल आज खिडकी ओलांडून भिंतभर पसरली आहे. समाचाराला आलेली माणसं जाताना फांदी मागतात, मी देते. भिंतीवर टांगलेल्या एका चौकटीवर पानं येतात, पण आयेने ती कधी कापू दिली नाहीत. पाहुणे आले की ती पानं हाताने बाजूला धरायची, चौकट दाखवायची. आता मी धरते. आत माझी पदवी आहे. आमच्या घरातली पहिली.