बाबांच्या खुणा मी सेव्ह केल्या तेव्हा

गेल्या वर्षी आमच्या बोईसरच्या कंप्युटर क्लासमध्ये मासिकाच्या सीडीवरून पायथन आलं, प्रोग्राम लिहायची भाषा, आणि मी वेडीच झाले! यादी बनवा, तिला नाव द्या, विचारलं की उत्तर हजर. म्हटलं, बाबांच्या खुणा यात घालायच्याच.

बाबा केळव्याहून मासेमारीला बोट घेऊन जायचे. पाण्याखालचा खडक कुठे, जाळं कुठे फाटतं, हे ते किनाऱ्यावरच्या दोन गोष्टी एका रेषेत बघून ओळखायचे. या सगळ्या खुणा डोक्यात. आता बोट दादा नेणार होता आणि त्याला निम्म्याही खुणा येत नव्हत्या.

आई म्हणाली, "वहीत लिव ना."

"वही भिजते गं! कंप्युटर भिजत नाय."

रविवारी बाबांना क्लासला नेलं. इस्त्रीचा शर्ट घालून आले, खुर्चीच्या कडेवरच बसले. "देवलाच्या कळसावर जोडमाड आला का थांब, खाली खडक हाय. लिवलं का, बाय?"

"तुमी बोला, मी कधीच लिवलं!"

"हिच्या बोटांना भूत लागलाय," बाबा हसले.

प्रोग्राम खूण विचारायचा, मी टाइप करायचे. चाळीसेक झाल्या. प्रोग्राम सेव्ह केला, फ्लॉपी पर्समध्ये, मशीन बंद.

पुढच्याच महिन्यात बाबांना लकवा मारला. वाचा गेली. दादा म्हणाला, "तुझ्या त्या खुणा काढ."

क्लासमध्ये जाऊन फ्लॉपी लावली, प्रोग्राम चालवला. त्याने विचारलं, पहिली खूण कोणती?

क्लासचे सर म्हणाले, "अगं, तू प्रश्न सेव्ह केलेस. उत्तरं व्हेरिएबलमध्ये होती, म्हणजे मेमरीत. मशीन बंद केलंस तेव्हाच गेली. ती वेगळी फाइलमध्ये लिहावी लागतात." दोन-तीन ओळींचं काम. त्यांनी तिथेच करून दाखवलं.

मग मी आठवायला बसले, तेव्हा कळलं, मी ऐकलंच नव्हतं. सगळं कानातून थेट बोटांत गेलेलं. तीन खुणा आठवल्या. त्या फाइलमध्ये लिहिल्या, मशीन बंद करून पुन्हा लावलं. तिन्ही जागेवर!

घरी बाबांना वाचून दाखवल्या. दुसरीला त्यांनी मान हलवली, नाय म्हणून. काय चुकलं ते सांगता येईना. डावा हात समुद्राकडे करून नुसते आवाज काढत राहिले, मग रडायला लागले.

दादा आता दुसऱ्यांच्या बोटींमागून जातो. काल जाळं फाटून आलं.

दुसरी खूण मी आज फाइलमधून काढून टाकली. दोन राहिल्यात.