कानबाई आमच्या घरी बसली ते वर्ष

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आमच्या सुनेनं कॉलेज स्वतःहून सोडलं, तिला ते झेपलं नाही, असं मीच सगळ्यांना सांगत आलो. तिच्या वडिलांनाही फोनवर हेच सांगितलं. ते खोटं आहे.

लग्न ठरवताना त्यांनी एकच अट घातली होती: मुलीचं कॉम्प्युटरचं शिक्षण पुरं होऊ द्यायचं. बैठकीत मी मोठ्या तोऱ्यात शब्द दिला. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलच्या ऑफिसात जन्म काढलेला माणूस मी. शिकलेली सून मला मिरवायला हवीच होती.

त्या पावसाळ्यात तिची प्रोग्रामिंगची मिड-सेम आली. सत्राच्या मध्ये होणारी ही परीक्षा बुडाली तर शेवटच्या परीक्षेला बसू देत नाहीत, हे तिनं आधीच सांगून ठेवलं होतं. विषय कॉम्प्युटरचा, पण पेपर हातानं लिहायचा. म्हणून तिनं ओट्यामागच्या भिंतीवर प्रोग्राम लिहिलेले कागद चिकटवले होते. भाकरी थापता थापता पुटपुटायची.

"कोणतं स्तोत्र गं?" मी चिडवायचो.

"स्तोत्रच आहे, आबा. एक कंस मिटायचा राहिला तरी सर मार्क कापतात."

श्रावणात आम्हा खानदेशी लोकांची कानबाई बसते. रविवारी देवी मांडायची, सोमवारी तापीत विसर्जन. दरवर्षी भाऊबंदांपैकी एका घराला मान. पेपर नेमका त्याच सोमवारी होता. सुनेनं किती आधीपासून विनवलं, "यंदा उधन्याला मोठ्या आबांकडे बसवू या ना." मी हो म्हणालो. मग भाऊबंद जमले तेव्हा हाच माझा मोठा भाऊ सगळ्यांदेखत म्हणाला, "तुना घरमा जागा कोठे शे?" आणि मी ताडकन बोलून बसलो, कानबाई यंदा माझ्याच घरी.

घराला रंग दिला. भिंतीवरचे कागद रंगाऱ्यानं खरवडले, मी सांगितलं म्हणून. घरातल्या पुरुषांच्या नावानं मुठी मोजून नैवेद्याच्या रोटांसाठी गहू घेतले. दळणं, मळणं, भाजणं तिच्या आणि तिच्या सासूच्या वाट्याला. पुस्तक फ्रिजवर पडून राहिलं.

सोमवारी आरती झाल्यावर ती खांद्याला पिशवी लावून माझ्याजवळ आली. "आबा, निघते. रिक्षा थांबवलीय."

देवी डोक्यावर घेऊन घरच्या सुनेनं निघायचं असतं. "मी घेते, तिला जाऊ द्या," माझी बायको म्हणाली. तेवढ्यात दारातून मोठा भाऊ हसला, "काय रे, तुनी सून कानबाईपेक्षा मोठी व्हई गयी का?"

सगळे हसले. माझा मुलगा खाली मान घालून उभा.

"पेपर काय, पुढच्या वर्षीही येईल," मी म्हणालो. "देवी उचल."

तिनं पिशवी खुंटीला अडकवली, पदर घेतला, देवी उचलली. रिक्षावाल्याला मीच हातानं जा म्हणून खुणावलं. बँडपुढे बाया फुगड्या घालत होत्या. ती नदीपर्यंत सरळ समोर बघत चालली.

कॉलेजनं नियमावर बोट ठेवलं. तिनं पुन्हा प्रवेश मागितला नाही आणि मी विषय काढला नाही. आता ती मार्केटमधून साड्या आणून घरी त्यांवर टिकल्या चिकटवते. तिचे वडील गेले, ते आपल्या मुलीनंच हात टेकले असं समजून. हे मला सगळ्यात जास्त खातं, कारण तो फोन मी केला होता.

गेल्या श्रावणात एका दुपारी ती एकटीच साडी मांडीवर घेऊन बसली होती. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"बोला ना, आबा."

पोरी, तुझा पेपर मी बुडवला. तुझ्या वडिलांशी खोटं बोललो. मला माफ कर. एवढंच म्हणायला मी गेलो होतो.

"चहात साखर कमी घालत जा," मी म्हणालो.