पेनल्टी अडवली आणि मॅनेजरकी गेली

“सर, हात हालत न्हाय!” आमचा खारी गावातला गोलकीपर गवतावर लोळत ओरडला. समोरच्या स्ट्रायकरला पाडताना त्याचाच खांदा निखळला होता. वर रेफरीने पेनल्टी दिली. मॅच संपत आलेली, स्कोअर बरोबरीत. हरलो तर आमचा मीरा रोडचा क्लब खालच्या डिव्हिजनला जाणार आणि मॅनेजर म्हणून मी घरी बसणार. चेअरमन शेठनी सकाळीच तसं बजावलं होतं.

आता गोलमध्ये कोण? मी पोरांकडे पाहिलं. सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले.

चूक माझीच. मी खेळायचो तेव्हा युटिलिटी प्लेअर होतो. म्हणजे टीममधला बटाटा, कुठल्याही भाजीत घाला. आज बॅक, उद्या विंगर, परवा गोलमध्ये. हक्काची जागा कधी मिळाली नाही, याचा फार राग यायचा. म्हणून मॅनेजर झाल्यावर नियमच केला: एक माणूस, एक जागा. कुणी दुसऱ्याच्या जागेवर गेला की शिव्या खायचा. कार्टी इतकी आज्ञाधारक निघतील असं वाटलं नव्हतं.

बेंचवर तरी कोण असणार? आदल्या दिवशी खारी गावात एका लग्नाची हळद होती. तिथे नाचून अख्खा बेंच घरी झोपला होता. उरलो मी आणि बर्फाची पेटी.

“सर, तुमचं नाव पण टाकलेलं आहे ने?” शेठ लाइनीबाहेरून ओरडले. छोट्या क्लबात माणसं कमी पडतात, म्हणून कोचचंही नाव खेळाडूंत देऊन ठेवतात.

“शेठ, गुडघे गेलेत माझे!”

“मग नोकरी पण जाईल ने!”

ग्लोव्हज चढवले. जर्सी पोटावर अडकली. शांती नगरची पोरं बघायला आली होती, ती खिदळायला लागली. “अंकल, साँस अंदर!”

उजवीकडे उडी मारायचं ठरवलं. गुडघ्याने साफ नकार दिला. मी जागच्या जागी उभा, आणि बॉल धाडकन पोटावर. आई गं! डोळ्यांपुढे काजवे चमकले. बॉल बाहेर गेला, शिटी वाजली, पोरांनी मला उचललं. खोटं कशाला सांगू, रडलो मी.

दुसऱ्या दिवशी शेठचा फोन आला.

“सर, काँट्रॅक्ट पक्का!”

“थँक यू, शेठ!”

“गोलकीपरचा. मॅनेजर दुसरा बघितला. नवीन आहे, जरा सांभाळून घ्या त्याला.”

तेव्हा नोकरी जरूर वाचवावी. फक्त कोणती वाचवतोय, ते आधी विचारून घ्यावं.